मऊ भात आणि आचारसंहिता

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मंजिरीने वॉलॉंगॉंग मराठी स्नेहवर्धिनी मंडळाच्या ग्रुपवर मदत मागितली. संदेश असा होता: ‘आम्ही दोघीही पॉझिटिव्ह आहोत. आईंना डायबिटीस आहे, त्यांना वेळेवर खावं लागतं. घरातले तांदूळ, मूगडाळ आणि तापाच्या गोळ्या संपल्यात. ऑनलाइन डिलिव्हरी गुरुवारशिवाय मिळत नाही. कुणी दाराबाहेर पिशवी ठेवून जाऊ शकेल का? आत यायची गरज नाही.’

दुपारपर्यंत या संदेशाखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग लागली. काहींनी ‘गेट वेल सून’ लिहिले. एकाने हळदीच्या दुधाचे फायदे सांगणारा व्हिडिओ पाठवला, त्यावर दुसऱ्याने तो व्हिडिओ खोटा असल्याचे सिद्ध करणारा दुसरा व्हिडिओ पाठवला. पिशवी कुणी ठेवली नाही. याला माणुसकीचा अभाव म्हणणे अन्यायाचे होईल. मंडळात निवडणुकीची आचारसंहिता लागू होती.

साल २०२१, ऑगस्टचा शेवट. सिडनीबरोबर वॉलॉंगॉंगलाही टाळे लागून दोन महिने होत आले होते. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे कारणाशिवाय जाता येत नव्हते. मंजिरी वृद्धांच्या निवासात नर्स होती आणि आजार तिला तिथेच गाठून गेला. तिचा नवरा राजीव पर्थच्या बाजूला खाणीवर इंजिनिअर होता. तिकडच्या राज्याने सीमा बंद केल्याने तो स्वतःच्याच देशात परदेशी झाला होता. घरात तिच्यासोबत होत्या तिच्या सासूबाई, चित्रलेखाबाई. त्या तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमाने बंद झाल्याने त्यांचा मुक्काम दीड वर्षावर गेला होता.

मंडळाची घटना बाळकाकांनी लिहिली. हे संस्थापक ऑस्ट्रेलियाला येण्याआधी बरीच वर्षे इंग्लंडात होते आणि तिथल्या निवडणुका त्यांनी दूरदर्शनवर मन लावून पाहिल्या होत्या. त्यामुळे शंभराच्या आत सदस्य असलेल्या मंडळाच्या घटनेत त्रिशंकू सभागृहाचे कलम होते, काळजीवाहू अध्यक्षाचे कलम होते आणि ‘विश्वास आणि पुरवठा’ या नावाचा एक करार होता. याचा अर्थ छोट्या गटाने मोठ्या गटाला सत्तेत न जाता पाठिंबा द्यायचा. आचारसंहितेची भर पुढे निवडणूक अधिकारी रविंद्रने घातली, कारण मागच्या निवडणुकीत एका पॅनलने मतदानाच्या दिवशी हॉलबाहेर मिसळ ठेवली आणि ते पॅनल जिंकले. अशा रीतीने मंडळाला ब्रिटनची घटना, भारताची आचारसंहिता आणि ऑस्ट्रेलियाचा लॉकडाऊन अशा तिन्ही व्यवस्थांचे संरक्षण मिळाले होते.

निवडणूक रविवारी होती. हॉल बंद, सहली बंद, हळदीकुंकू बंद. त्या काळात मंडळाच्या कार्यकारिणीकडे एकच सत्ता उरली होती, ती म्हणजे झूमच्या सशुल्क खात्याची. ज्याच्याकडे अध्यक्षपद, तो होस्ट. ज्याच्याकडे होस्टपद, त्याला इतरांना म्यूट करण्याचा अधिकार. गणपती दोन आठवड्यांवर आले होते आणि आरतीच्या वेळी कोणाचा चेहरा पडद्यावर मोठा दिसणार, हे या मतदानावर ठरणार होते. इतकी अटीतटीची लढत मंडळाच्या इतिहासात झाली नव्हती.

एका बाजूला श्रीनिवासचे परंपरा पॅनल. श्रीनिवास सिडनीतल्या बँकेचे सॉफ्टवेअर घरातल्या इस्त्रीच्या टेबलावरून सांभाळत असे. दुसऱ्या बाजूला युनिव्हर्सिटीत काम करणाऱ्या सुरुचीचे परिवर्तन पॅनल. दोघांनी आपापली मते मोजली तेव्हा ती सारखी भरली. कुंपणावर दोनच घरे होती. एक हृषिकेश आणि स्वरदाचे, ज्यांनी दोन मतांच्या बळावर तिसरी आघाडी जाहीर केली होती. दुसरे मंजिरीचे. कुटुंब सदस्यत्वामुळे तिच्या घराचीही दोन मते होती. चित्रलेखाबाई पर्यटक व्हिसावर असल्या तरी घटनेत ‘घरातील प्रौढ व्यक्ती’ एवढेच लिहिले होते, आणि बाळकाकांना पर्यटक इतका टिकेल असे वाटले नव्हते.

तर शनिवारी दुपारी सुरुचीने डिकीत पिशवी ठेवली आणि ती निघाली. वाटेत तिला श्रीनिवासचा फोन आला.

“सुरुची, कुठे आहेस?”

“ड्राइव्ह करतेय. मंजिरीच्या दारात तांदूळ ठेवून येते.”

“किती किलो?”

“पाच. का?”

“पाच किलोला दोन मतं! वा! मागच्या वेळी मिसळीवर हरलो आम्ही. या वेळी बासमतीवर हरायचं नाहीये मला.”

“मेट, ती तापाने फणफणलीय.”

“तेच म्हणतोय ना. तापातला मतदार सगळ्यात हळवा असतो. मग मीपण तांदूळ घेऊन जाऊ का? तू पाच दे, मी दहा देतो. मग तू पंधरा दे. कुठे थांबायचं हे?”

सुरुचीने गाडी बाजूला घेतली. तिच्या मनात मतांचा विचार नव्हता, असे तिने नंतर ग्रुपवर लिहिले. श्रीनिवासने त्याखाली ‘कोणाच्याच नसतो’ असे लिहिले.

प्रकरण निवडणूक अधिकारी रविंद्रकडे गेले. रविंद्र पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता आणि हेल्मेटशिवाय स्वतःच्या घराच्या माळ्यावरही चढत नसे. त्याने तत्काळ व्हिडिओ कॉलवर पंचनामा केला. पिशवीत तांदूळ, मूगडाळ, गोळ्यांची दोन पाकिटे आणि एक लिंबू आढळले. लिंबाबद्दल सुरुचीला खुलासा करता आला नाही. ऐवज तिच्याच गॅरेजमध्ये चिकटपट्टी लावून सील करण्यात आला.

परिवर्तन पॅनलने मग उलट तक्रार केली. श्रीनिवासची बायको लीना सकाळी मंजिरीशी फोनवर बराच वेळ बोलली होती. तिने ताप विचारला, आल्याच्या काढ्याची कृती सांगितली आणि शेवटी ‘काही लागलं तर सांग हं’ असे म्हटले. हे सहानुभूतीचे वाटप असल्याचा आरोप होता. रविंद्रने दोन्ही बाजू ऐकून निर्णय दिला. ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्न निव्वळ चौकशी असून त्याला परवानगी आहे. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य आश्वासनात मोडते. परंतु ते पाळले गेल्याचा मंडळात पूर्वेतिहास नसल्याने त्याला आमिष मानता येत नाही.

“मग रवी, तूच का नाही देऊन येत?” सुरुचीने विचारले. “तू कुठल्याच पॅनलमध्ये नाहीस.”

“मी दिले तर यंत्रणेचा गैरवापर होईल,” रविंद्र म्हणाला. “उद्या लोक म्हणतील, निवडणूक अधिकारी भात वाटत होता.”

“लोक म्हणजे कोण? आपणच ना?”

“लोक कोण आहेत यावर मी आचारसंहितेच्या काळात मतप्रदर्शन करू शकत नाही.”

तटस्थ सदस्याचा शोध घेण्यात आला. तसा एकही उरला नव्हता. जे कोणत्याच पॅनलचे नव्हते त्यांनी ग्रुप सोडून बरेच दिवस झाले होते.

यावर तोडगा हृषिकेशने काढला. एका पॅनलने मदत केली तर आमिष होते. पण दोन्ही पॅनलनी मिळून केली तर कोणालाच फायदा नाही, म्हणजे ते आमिष नाही. अर्थात, दोन पॅनलना मिळून काही करायचे तर आधी युती करावी लागेल. आणि युती करायची तर ती निवडणुकीआधीच केलेली बरी, कारण नंतर कोणाचे काय ठरेल सांगता येत नाही. “नो वरीज,” तो म्हणाला. “तुम्ही दोघं बसा. मी मध्ये बसतो.”

पुढचे काही तास वाटाघाटी चालल्या. मंजिरीने चार वाजता ग्रुपवर ‘कुणी निघालंय का?’ असे विचारले. तिला वाटाघाटी निर्णायक टप्प्यावर असल्याचे कळवण्यात आले.

अध्यक्षपद दोघांनी निम्मा निम्मा काळ घ्यावे, हे लवकर ठरले. पहिले सहा महिने कोणाचे, हे ठरेना, कारण गणपती आणि दिवाळी पहिल्या सहा महिन्यांत येत होती आणि दुसऱ्या सहा महिन्यांत फक्त ऑडिट. शेवटी गणपती एकाने आणि दिवाळी दुसऱ्याने घ्यावी, ऑडिट कोणीच घेऊ नये, यावर एकमत झाले. हृषिकेशने पाठिंब्याच्या बदल्यात एकच अट घातली. त्याच्या स्वरचित गझलांच्या कार्यक्रमात कोणालाही कॅमेरा बंद करता येऊ नये.

“पूर्ण दोन तास?” श्रीनिवासने विचारले.

“मध्यंतर धरून.”

“मध्यंतरात तरी बंद करू दे.”

“मागच्या वेळी मध्यंतरात बंद केले ते परत उघडलेच नाहीत,” हृषिकेश म्हणाला. “स्वरदासकट.”

अट मान्य झाली. घटनेनुसार ‘विश्वास आणि पुरवठा’ करारावर दोन्ही नेत्यांनी सह्या केल्या. त्यातला विश्वासाचा भाग तत्काळ लागू झाला. पुरवठ्याचा भाग उपसमितीकडे गेला.

उपसमितीपुढे तांदळाचा प्रश्न आला. परंपरा पॅनलच्या जाहीरनाम्यात इंद्रायणी होता. आजारी माणसाला मऊ भात लागतो आणि मऊ भात इंद्रायणीचाच, ही त्यांची भूमिका. परिवर्तन पॅनलने बासमतीवर माघार घेतली असती, तर गॅरेजमधला ऐवज चुकीचा होता हे मान्य केल्यासारखे झाले असते. मध्यममार्ग म्हणून सुरती कोलम पुढे आला. दोन्ही बाजूंनी बाके वाजवली. बाके नसल्याने टेबले वाजवली. मग लक्षात आले की कोलम सिडनीतल्या पेंडल हिलच्या दुकानातच मिळतो, पेंडल हिल पाच किलोमीटरच्या कितीतरी बाहेर आहे आणि त्या बाजूला तर आणखी कडक निर्बंध आहेत. म्हणून किमान समान कार्यक्रमात ‘कोलम तत्त्वतः मान्य’ असे नोंदवण्यात आले.

याच सुमारास एक अफवा पसरली. परंपरा पॅनलमधली एक जोडी पलीकडच्यांशी बोलत असल्याचे कुणीतरी म्हणाले. लगेच दोन्ही पॅनलनी आपापले सदस्य झूमच्या वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन ठेवले. खोलीतून बाहेर पडण्यास मनाई होती. बाथरूमला जाणाऱ्याने फोन सोबत न्यावा आणि कॅमेरा छताकडे ठेवून बोलत राहावे, असा नियम झाला. परंपरा पॅनलच्या खोलीत अंताक्षरी सुरू झाली. परिवर्तनच्या खोलीत सगळ्यांनी एकाच वेळी जेवण ऑर्डर केले. त्या भागात घरपोच जेवण देणारी दोनच भारतीय रेस्टॉरंटे चालू होती. त्या संध्याकाळी दोघांनीही नवीन ऑर्डरी घेणे बंद केल्याचे मंजिरीला फोन केल्यावर कळले.

साडेसातला सर्वपक्षीय बैठक भरली. तिथे मंजिरीच्या नावाची खिडकी उघडली, पण त्यात मंजिरी नव्हती. कपाळ, चष्मा आणि मागे स्वयंपाकघराचे कपाट, एवढे चित्रलेखाबाईंचे दिसत होते.

“ऐकू येतंय का रे सगळ्यांना? मंजिरी झोपलीय. एकशेतीन ताप आहे तिला. तो कोण, रविंद्र ना तू?”

“हो काकू. नमस्कार.”

“तुझ्या मुलीच्या बारशाला मी पाळणा म्हटला होता. विमानातून उतरून चार दिवस नव्हते झाले.”

“काकू, कृपया वैयक्तिक संबंध आणू नका. मी सध्या यंत्रणा आहे.”

“बरं. यंत्रणेच्या घरी आज काय स्वयंपाक होता?”

रविंद्रच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

“माझ्याकडे पास्त्याचं एक पाकीट आहे,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. “ती पोकळ नळकांडी मी कालपासून गिळतेय. ती पण आता मूठभर राहिली. सकाळी माझी साखर खाली गेली, हात लटलट कापायला लागले. ही पोरगी तापात उठली आणि तिने मला चमच्याने जॅम भरवला. लहान मुलाला भरवतात तसा. मला रात्री कापरं भरलं आणि ही उठू शकली नाही, तर काय करायचं ते सांगा. तुमची ती युती झाली का?”

“तत्त्वतः झालीय, काकू,” सुरुची म्हणाली.

“ते किती शिट्ट्यांत शिजतं?”

कोणीतरी हसले आणि लगेच स्वतःला म्यूट केले.

“मी काय सांगते ते ऐका,” चित्रलेखाबाई म्हणाल्या. “उद्या सकाळपर्यंत जो माझ्या दारात तांदूळ ठेवील, त्याला आमची दोन्ही मतं. इंद्रायणी असो, बासमती असो, कण्या असोत. झालं?”

एवढा गंभीर गैरप्रकार मंडळात आजवर घडला नव्हता. मतदाराला आमिष दाखवल्याची उदाहरणे होती. मतदाराने कॅमेऱ्यासमोर, सर्वांच्या साक्षीने आणि वाणांच्या नावांसह आमिष मागितल्याचे हे पहिलेच. रविंद्रने जागेवरच आदेश काढला. खुलासा येईपर्यंत मंजिरीच्या घराची दोन्ही मते स्थगित.

आदेश काढल्यावर एक गोष्ट लीनाच्या लक्षात आली. “अहो, पण आता त्या मतदार नाहीत ना?” ती म्हणाली. “मग आचारसंहिता त्यांना लागूच होत नाही. आता कुणीही नेऊन द्या की तांदूळ.”

हे कायद्याच्या दृष्टीने बिनचूक होते. रविंद्रनेही ते मान्य केले. आता मंजिरीला तांदूळ देण्याच्या आड कोणताही नियम येत नव्हता. फक्त तसे करण्याचे काही कारणही उरले नव्हते. श्रीनिवास म्हणाला, उद्या सकाळी बघू. सुरुची म्हणाली, गॅरेजचं सील कोणाच्या उपस्थितीत काढायचं ते आधी ठरू दे. लीना स्वतः उठून निघाली, पण तिला खोलीतून बाहेर पडू देण्यात आले नाही. ती नेमकी कोणाकडे चालली आहे याची खात्री देता येत नव्हती.

शिवाय सगळ्यांना एका नव्या संकटाने घेरले होते. दोन मते गोठल्याबरोबर दोन्ही पॅनलमध्ये बरोबरी आणि मध्ये एकटा हृषिकेश, असे चित्र झाले. हृषिकेशला हे समजायला गझलेचा एक शेर म्हणून होईल एवढाच वेळ लागला.

“सो,” तो म्हणाला, “मी विचार करतोय की अध्यक्षपदासाठी कुणीतरी तटस्थ चेहरा हवा.”

“कुणाचा?”

“मी कॅमेरा चालू ठेवलाच आहे.”

तासाभरात दोन्ही पॅनलनी, मंडळाच्या इतिहासात प्रथमच एकत्र येऊन, मंजिरीच्या कुटुंबाचा मताधिकार त्वरित परत मिळावा असा अर्ज केला. अर्जात ‘संकटात सापडलेल्या भगिनी’, ‘मातृतुल्य काकू’ आणि ‘लोकशाहीचा प्राण’ असे उल्लेख होते. रविंद्रने सक्त ताकीद देऊन मते पुनःस्थापित केली. मते परत आली तशी आचारसंहिताही परत आली. मधल्या तासाभरात मंजिरीच्या दारात तांदळाचा ट्रक उभा केला असता तरी चालले असते. पण त्या वेळी सगळे अर्जाचा मसुदा पाहत होते.

रविवारी सकाळी अखेर पुरवठा उपसमितीचा निर्णय आला. इंद्रायणी अर्धा, बासमती अर्धा, एकाच पिशवीत मिसळून. पिशवी दोन्ही नेत्यांनी एकाच वेळी न्यायची, म्हणजे श्रेय विभागले जाईल. दोन वेगळ्या घरांतली माणसे एका गाडीत बसू शकत नसल्याने दोघे आपापल्या गाडीने मंजिरीच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आले. तिथून पिशवी दोघांनी मिळून उचलायची होती, पण एकमेकांत दीड मीटर अंतरही ठेवायचे होते. श्रीनिवासने फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आणला होता. पिशवी दांड्याच्या मधोमध अडकवली, एक टोक त्याच्या खांद्यावर, दुसरे सुरुचीच्या. अशी ती मिरवणूक निघाली. रविंद्र हेल्मेट घालून उलटा चालत चित्रण करत होता. हृषिकेश युतीचा घटक म्हणून मागे चालत होता. कुत्रा फिरवणाऱ्या एका गृहस्थाने रस्ता बदलला.

“हळू चाल की,” सुरुची म्हणाली. “तू पुढे गेलास तर फोटोत तूच देतोयस असं दिसेल.”

“तुझी बाजू उंच आहे. मुद्दाम करतेयस तू.”

“मुद्दाम? उंच आहे मी!”

मंजिरीच्या फाटकाशी मिरवणूक थांबली. दारात पायपुसण्यावर एक भांडे होते. झाकण असलेले, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेले. झाकणाच्या कडेने वाफ येत होती.

दांडा पिशवीसकट खाली ठेवण्यात आला.

“हृषिकेश,” श्रीनिवास म्हणाला, “हे तू केलंस?”

“मी? मला अंडं उकडता येत नाही, मेट. स्वरदाला विचार.”

“मग स्वरदाने केलं.”

“स्वरदा कालपासून खोलीत आहे. तुमच्याच, अंताक्षरीला.”

रविंद्रने फाटकातूनच भांड्याचा फोटो ग्रुपवर टाकला. ज्याने कुणी ठेवले त्याने पुढे यावे, असे आवाहन केले. कोणी आले नाही. सगळ्या सदस्यांनी आपण मंजिरीला काहीही दिलेले नाही, हे एकेक करून लेखी कळवले. काहींनी त्याची शपथही घेतली. तेव्हा शेजारच्या घराच्या व्हरांड्यातून एका वृद्ध बाईंनी हात हलवला. त्या मॅसेडोनियाहून कधीकाळी आल्या होत्या आणि त्यांचे दिवंगत पती पोलाद कारखान्यात होते, एवढीच माहिती मिळू शकली. “सूप!” त्या ओरडल्या. “फॉर द ओल्ड लेडी! हॉट! टेल हर!”

प्रकरणाला आता वेगळेच गांभीर्य आले होते. मतदानाच्या दिवशी, मतदारयादीत नसलेल्या आणि मंडळाशी कोणताही संबंध नसलेल्या व्यक्तीने मतदाराला अन्न पोहोचवले होते. परकीय हस्तक्षेपासाठी घटनेत कलम नव्हते. बाळकाकांना फोन लावला तेव्हा ते म्हणाले, इंग्लंडात असे काही झाल्याचे त्यांना आठवत नाही. तिन्ही गटांनी हस्तक्षेपाचा निषेध करणारा ठराव तिथेच, फाटकाशी उभे राहून, एकमताने संमत केला. युतीच्या काळातला हा एकमेव निर्णय, ज्यावर उपसमिती नेमावी लागली नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत भांडे जागेवरून हलवू नये आणि उघडू नये, असा आदेश निघाला. एकाच मतदाराला दोनदा अन्न मिळाल्यास इतर मतदारांवर अन्याय होईल, म्हणून तांदळाची पिशवीही रोखण्यात आली. ती दांड्यासकट सुरुचीच्या गॅरेजमध्ये परत गेली.

हा आदेश मतदाराला समजावून सांगण्यासाठी रविंद्रने खिडकीबाहेर उभे राहून खुणा केल्या. आत पडदा सरकला. चित्रलेखाबाई एका हाताने चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी भांड्याकडे बोट दाखवले, मग स्वतःच्या पोटाकडे, मग आतल्या खोलीकडे. रविंद्रने मान नकारार्थी हलवली. त्यानंतर त्या बराच वेळ बोलत होत्या. काच बंद असल्याने त्यांचे म्हणणे ऐकू आले नाही. हावभावांवरून ते आभाराचे नसावे.

मतदान संध्याकाळी पाचला संपले. दोन्ही पॅनलना सारखी मते मिळाली. आपले नाव तटस्थ चेहरा म्हणून पुढे न आल्याने हृषिकेश आणि स्वरदाने मतदान केले नाही. मंजिरीच्या घराची दोन मते पडली नाहीत. तिच्या नावाची झूमची खिडकी दिवसभर उघडलीच नाही. मताधिकाराबाबत एवढा संघर्ष करूनही संबंधित कुटुंबाने दाखवलेल्या उदासीनतेबद्दल दोन्ही नेत्यांनी खेद व्यक्त केला. घटनेनुसार सभागृह त्रिशंकू जाहीर झाले आणि मावळते अध्यक्ष काळजीवाहू म्हणून राहिले. काळजीवाहूंना कोणताही नवा निर्णय घेता येत नाही. अंतिम निकाल लागेपर्यंत आचारसंहिता कायम राहील, असे रविंद्रने कळवले. युतीची बोलणी सोमवारी पुन्हा सुरू होतील.

हाती आलेल्या शेवटच्या वृत्तानुसार भांडे दारातच आहे. त्याची वाफ थांबली आहे. ते कोणी हलवू नये म्हणून रविंद्र समोरच्या फुटपाथला गाडी लावून बसला आहे. त्याच्यासाठी घरून डबा आला, त्यात वरणभात होता. शेजारच्या वृद्ध बाई दोनदा व्हरांड्यात येऊन गेल्या. मंजिरीच्या घरातला स्वयंपाकघराचा दिवा दुपारपासून लागलेला आहे आणि कोणी फोन उचलत नाही. अर्थात, आचारसंहितेमुळे फोन फारसे कोणी केलेही नाहीत.

शनिवारी सकाळचा तिचा मूळ संदेश मंडळाच्या एकूण एक सदस्याने वाचल्याची नोंद ग्रुपवर दिसते. आता आपणही तो वाचलात. आपले जोडलेले हात अजून आलेले नाहीत.